जुन्या ट्रकचा ‘बीसीएम’ गेला म्हणतात, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं? आणि तो बदलायचा कसा?

समजा, रात्रीचे साडेदहा वाजलेत. वाळूज एमआयडीसीतून माल भरून निघालेला एमएच-२० पासिंगचा ट्रक सावंगीजवळून समृद्धी महामार्गाला लागलाय. ड्रायव्हर डावा इंडिकेटर देतो आणि वायपर आपोआप एक फेरी मारतो. पाऊस नाही. थोडं पुढे हॉर्न वाजेनासा होतो, केबिनमधला दिवा लुकलुकतो आणि मग दोन सेकंदांसाठी दोन्ही हेडलाइट जातात. परत येतात. इंजिन मात्र काही घडलंच नाही असं चालत राहतं.

असा ट्रक सकाळी गॅरेजला आला की हल्ली पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: ‘बीसीएम गेला, बदलावा लागेल.’ एकच ट्रक असलेल्या मालकासाठी हे वाक्य महागात पडणारं असतं. भाग महाग, मागवायला वेळ, तोवर गाडी उभी आणि बँकेचा हप्ता मात्र सुरूच. त्यात नवा बीसीएम बसवूनही वायपर पुन्हा आपोआप फिरला, तर पैसेही गेले आणि बिघाड जिथल्या तिथे.

बीसीएम म्हणजे काय?

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. इंजिन आणि ब्रेक सोडून गाडीत विजेवर चालणारं जे जे काही आहे, त्यातल्या बहुतेक गोष्टींचा कारभार पाहणारा हा डबा. हेडलाइट, इंडिकेटर, टेल लॅम्प, वायपर, हॉर्न, केबिनचे दिवे आणि असेल तर सेंट्रल लॉक. काही गाड्यांत चावी ओळखणारा इमोबिलायझरही त्याच्याशी जोडलेला असतो. कंपनीगणिक नाव बदलतं, पण काम साधारण हेच.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या टाटा १६१३ सारख्या ट्रकमध्ये असा डबा नव्हता. बॅटरीतून निघालेली वायर फ्यूजमधून स्विचला, तिथून रिलेला आणि पुढे बल्बला जायची. इंडिकेटर लुकलुकायला छोटा फ्लॅशर असायचा. तो बिघडला की कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून दुसरा आणून दोन मिनिटांत लावायचा. वायरमनला टेस्ट लॅम्प घेऊन एकेका वायरीमागे चालत जाता यायचं. जिथे दिवा लागायचा थांबला, तिथे बिघाड.

बीसीएम असलेल्या ट्रकमध्ये स्विच दाबला म्हणजे दिव्याकडे थेट करंट जात नाही. स्विच फक्त निरोप देतो. बीसीएम तो निरोप वाचतो, चावी चालू आहे का वगैरे पाहतो आणि मग स्वतःच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून दिव्याला करंट सोडतो. अनेक गाड्यांत इंडिकेटरचा ‘टिक टिक’ आवाजही खऱ्या फ्लॅशरचा नसतो, तो मीटरमधून मुद्दाम वाजवलेला असतो.

हा इलेक्ट्रॉनिक स्विच हुशार असतो. किती करंट जातोय हे तो सतत मोजतो. कमी गेला तर बल्ब उडाला असं समजून इंडिकेटर भराभर लुकलुकवतो. म्हणूनच साध्या बल्बच्या जागी बाजारातला एलईडी लावला की इंडिकेटर वेडापिसा होतो. एलईडी करंट कमी घेतो आणि बीसीएमला वाटतं बल्ब गेला. उलट करंट जास्त गेला, म्हणजे कुठे शॉर्ट असेल, तर तो आउटपुट बंद करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू करून बघतो. वरच्या प्रसंगात हेडलाइट दोन सेकंद गेले आणि परत आले, त्यामागे हेही असू शकतं. तसं असेल तर बीसीएम बिघडलेला नाही. तो स्वतःला आणि वायरिंगला जळण्यापासून वाचवतोय.

दोन वायरींवरच्या गप्पा

बीसीएम एकटा काम करत नाही. इंजिनचा ईसीएम, एबीएस, मीटर क्लस्टर यांच्याशी तो कॅन नावाच्या जाळ्यावरून बोलतो. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी, एक कॅन-हाय आणि दुसरी कॅन-लो. जर्मनीच्या बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ साली डेट्रॉइटला जाहीरपणे मांडली. अवजड वाहनांत तिच्यावर जे१९३९ नावाची भाषा बोलली जाते. प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मीटरला स्वतंत्र वायर नेण्यापेक्षा दोन वायरींवर सगळे निरोप फिरवणं स्वस्त आणि हलकं पडतं.

याची दुसरी बाजूही आहे. गावातल्या एकाच टाकीवर सगळ्यांचं पाणी असलं की एक नळ फुटल्यावर सगळ्या गल्लीचं पाणी कमी होतं, तसं इथे होतं. मीटरमागे एक वायर घासली तरी वायपर, मीटरचा काटा आणि वॉर्निंग लाइट एकदम बिघडल्यासारखे दिसतात. एकाच वेळी असंबद्ध गोष्टी बिघडल्या की संशय बीसीएमवर जातो, पण अशा वेळी अर्थिंग, बॅटरी आणि कॅनच्या वायरी हेच आधी पाहायला हवं.

कोणत्या ट्रकचा हा प्रश्न?

देशभर बीएस-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं आणि बीएस-६ हे १ एप्रिल २०२० पासून. या काळात इंजिन इलेक्ट्रॉनिक झालं आणि हळूहळू केबिनही. मात्र बीएस-४ काळातल्या सगळ्याच ट्रकांत बीसीएम नाही. कित्येकांत आजही रिले आणि फ्यूजची पेटीच आहे. त्यामुळे ‘बीसीएम गेला’ असं कुणी म्हटलं, तर आपल्या मॉडेलला तो मुळात आहे का आणि कुठे बसवलाय, हे आधी विचारलेलं बरं. साधारण तो डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सजवळ किंवा क्लीनरच्या बाजूला पायाशी असतो.

२०१७-१८ मध्ये घेतलेले ट्रक आता आठ वर्षांच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे आहेत. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. म्हणजे वायरिंग थकायला लागतं नेमकं तेव्हाच करोडीच्या ट्रॅकवर पासिंगसाठी वरचेवर जावं लागतं, आणि तिथे हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न सगळं तपासलं जातं. जो डबा हे सगळं चालवतो, त्यानेच दगा दिला तर गाडी पास होत नाही.

बीसीएम मरतो कशाने?

आपसूक मरणारे बीसीएम कमी. बहुतेकांना मारलं जातं, तेही चांगल्या हेतूने.

पहिला आरोपी वेल्डिंग. आपल्याकडे ट्रक अनेकदा चेसिसवर घेतला जातो आणि बॉडी बाहेर बांधून घेतली जाते. पुढे फाळका तुटला, लोड बॉडीला तडा गेला की पुन्हा वेल्डिंग. वेल्डिंगचा करंट परतीची वाट शोधतो आणि त्याला चेसिसवरून, अर्थच्या वायरीतून, कधी थेट मॉड्यूलमधून वाट मिळते. बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढणं, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावणं आणि शक्य असेल तर मॉड्यूलचे कपलर सोडवून ठेवणं, ही पाच-दहा मिनिटांची कामं आहेत. घाईत नेमकी तीच राहून जातात.

दुसरा आरोपी जुन्या मिस्त्रींची एक सवय. डायनामो चार्ज करतोय का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायचं. इंजिन चालू राहिलं तर डायनामो ठीक. जुन्या गाडीत हे खपून जायचं. आताच्या ट्रकमध्ये बॅटरी काढताक्षणी डायनामोचं व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं आणि २४ व्होल्टच्या यंत्रणेत ही उसळी मूळ व्होल्टेजच्या कितीतरी पट असू शकते. मॉड्यूलमध्ये संरक्षण असतं, पण दरवेळी ते पुरेल याचा भरवसा नाही. मल्टिमीटर बॅटरीला लावून चालू इंजिनवर साधारण साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस व्होल्ट दिसतात का, एवढं पाहिलं तरी डायनामोची परीक्षा होते.

तिसरं म्हणजे बारा व्होल्टची चोरी. ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. म्युझिक सिस्टीम बारा व्होल्टची, मोबाइल चार्जर बारा व्होल्टचा. मग एकाच बॅटरीवरून वायर ओढली जाते. ती बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोघी वाया जातात. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं की बीसीएम गोंधळतो, रिसेट होतो आणि लक्षणं नेमकी ‘बीसीएम गेल्यासारखी’ दिसतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो. तो लावणं दोन बॅटऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं.

मग पाणी. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा केबिनच्या आत मारला जातो, पावसाळ्यात काचेचं रबर गळतं. कपलरच्या पिनांवर हिरवट थर जमतो. मराठवाड्यातला उन्हाळाही मदतीला असतो: दुपारी बंद केबिन भट्टीसारखी तापते, पहाटे निवते आणि अशा शेकडो फेऱ्यांनंतर सर्किटवरचे सोल्डरचे जोड बारीक तडकतात. गाडी गरम झाल्यावर येणारा आणि थंड झाल्यावर पळून जाणारा बिघाड बऱ्याचदा या जातीचा असतो. उंदरांबद्दल वेगळं सांगायला नको; धान्य, सरकी, पेंड वाहणाऱ्या गाडीत ते मालाबरोबर हार्नेसही खातात.

बदलण्याआधी काय तपासायचं?

दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजावं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर आधी बॅटरीचं काम करावं. सेल्फ मारताना एकूण व्होल्टेज अठरा-एकोणीसच्या खाली जात असेल, तरी तेच.

यानंतर अर्थिंग, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चांगले बीसीएम याच कारणासाठी फेकले जातात. केबिनचा अर्थ एका नट-बोल्टवर आलेला असतो. त्याखाली रंग, गंज, माती. मल्टिमीटरने नुसता ‘बीप’ ऐकून अर्थ चांगला म्हणणं पुरेसं नाही, कारण बीपसाठी लागणारा करंट नगण्य असतो. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर सगळं चालू करून बीसीएमच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किती व्होल्ट दिसतात ते मोजावं. दोन-तीन दशांश व्होल्टपर्यंत ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थ खराब आहे. इंडिकेटर दिल्यावर वायपर फिरण्याचं कारण इथे सापडू शकतं: इंडिकेटरच्या करंटला जमिनीकडे जायची सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या सर्किटमधून वाट काढतो. तो बोल्ट काढून, पॉलिश पेपरने घासून, नवीन वॉशर टाकून घट्ट आवळायला अर्धा तासही लागत नाही.

मग बाहेरून जोडलेल्या वायरी. केबिनवरचे जादा दिवे, म्युझिकल हॉर्न, नंबर प्लेटभोवतीची रंगीत पट्टी, जीपीएस ट्रॅकर. यातल्या कितीतरी वायरी टेल लॅम्पच्या किंवा पार्किंगच्या मूळ वायरीला छिलून जोडलेल्या असतात. बीसीएमच्या लेखी तो जादा करंट म्हणजे शॉर्ट. हे सगळं तात्पुरतं सोडवून एक फेरी मारली की अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात.

कॅनची तपासणी ऐकायला अवघड वाटते, पण आहे सोपी. बॅटरी काढायची आणि डायग्नोस्टिक कपलरवर कॅन-हाय व कॅन-लो यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजायचा. जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी वायर तुटली आहे किंवा एका टोकाचा रेझिस्टर हरवलाय. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही ट्रकांत कॅनच्या दोन-तीन वेगळ्या लाइन असतात, तेव्हा वायरिंगचा नकाशा लागतो.

स्कॅनर लावल्यावर ‘बीसीएमशी संपर्क तुटला’ असा कोड आला, तर तो कोड बाकीच्या मॉड्यूलनी दिलेला असतो हे लक्षात ठेवायला हवं. शेजारी दार उघडत नाही, एवढंच ते सांगतात. तो घरात नाही, झोपलाय की दाराची कडी अडकलीय हे त्यांना ठाऊक नसतं. बीसीएमला सप्लाय येतोय, अर्थ नीट आहे, कॅनच्या वायरी शाबूत आहेत आणि तरीही तो गप्प आहे. किंवा आत जाणारा निरोप बरोबर आहे आणि आउटपुट पिनवर काहीच नाही. असं सिद्ध झालं, तरच डबा दोषी.

बदलताना

जुना बीसीएम थोडासाही जिवंत असेल, तर तो काढण्याआधी त्यातली माहिती स्कॅनरने वाचून ठेवणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. चेसिस नंबर, गाडीला फॉग लॅम्प आहेत का, सेंट्रल लॉक आहे का, कोणत्या प्रकारचे दिवे आहेत, अशी सेटिंग त्यात असते. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांतही ती वेगळी असू शकते.

पार्ट नंबर फक्त वरवर जुळून चालत नाही. लेबलवर हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरचे वेगवेगळे नंबर असतात; शेवटचं एखादं अक्षर वेगळं असलं तरी कपलर बसतो, पण वायपर दुसऱ्याच पिनवर असू शकतो. लेबलचा मोबाइलवर फोटो काढून मगच भाग मागवावा.

प्रत्यक्ष बदल तासाभराचा. चावी बंद, काही मिनिटं थांबायचं, बॅटरीची टर्मिनल काढायची, कपलरचे लॉक ओढून न तोडता सोडवायचे. कपलरच्या पिना पाहायच्या. हिरवट, काळ्या किंवा मागे सरकलेल्या पिना तशाच ठेवून नवा बीसीएम लावणं म्हणजे गळक्या छताखाली नवी गादी टाकणं.

नवा बीसीएम बहुधा कोरा येतो. कंपनीच्या टूलने त्यात सॉफ्टवेअर आणि गाडीची सेटिंग भरावी लागते. या वेळी बॅटरीला चार्जर जोडलेला हवा, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा डबाही निकामी होऊ शकतो. इमोबिलायझर असेल तर सगळ्या चाव्या बरोबर न्याव्या; घरी राहिलेली दुसरी चावी नंतर चालेलच असं नाही.

जुन्या बाजारातला बीसीएम चालतो का?

चालतो, पण अटींवर. भंगारात निघालेल्या ट्रकच्या बीसीएममध्ये त्या ट्रकचा चेसिस नंबर आणि चावी साठवलेली असू शकते. तसाच लावला तर काही गाड्या सुरूच होत नाहीत, काहींत मीटरवर वॉर्निंग लाइट कायम राहतो. इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारे कारागीर जुन्या डब्याच्या मेमरी चिपमधली माहिती दुसऱ्यात उतरवतात. आपल्याच गाडीची माहिती आपल्याच गाडीसाठी उतरवणं ही दुरुस्ती आहे, मात्र डबा आला कुठून हे विचारून बिल घ्यावं. चोरीच्या गाडीचे सुटे भाग बाजारात येतात आणि डब्यात साठवलेला चेसिस नंबर स्कॅनरवर दिसू शकतो.

त्याहून चांगला पर्याय बऱ्याचदा दुर्लक्षित राहतो: आपलाच बीसीएम उघडून दुरुस्त करणं. एखादं आउटपुट मेलं असेल किंवा सोल्डर तडकलं असेल, तर तेवढा भाग बदलता येतो आणि सेटिंग जागच्या जागी राहते. पाण्याने सर्किटचे पदर कुजले असतील, तर मात्र पैसे घालू नयेत.

आणि जुगाड? हेडलाइट बीसीएमला वगळून वेगळ्या रिले आणि फ्यूजवर घेणारे वायरमन आहेत. रस्त्यात अडकलेली गाडी घरापर्यंत आणायला हे योग्यच. फ्यूज न टाकता थेट बॅटरीवरून वायर ओढणं मात्र आगीला आमंत्रण आहे. कायमचा इलाज म्हणून हे केलं तर पुढच्या माणसाला नकाशा आणि गाडी यांचा मेळ लागत नाही.

सॉफ्टवेअरची किल्ली कुणाकडे?

वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना आहे, एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची मुख्यालयं आहेत, शेंद्र्यात स्कोडा आहे. वाहन उद्योगावर जगणाऱ्या या शहरातही बाहेरच्या गॅरेजवाल्याला ट्रकचा बीसीएम कोडिंग करायचा तर तो बहुधा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच पाठवावा लागतो. हात आहेत, टूल नाही.

हा वाद जुना आहे. सुटे भाग आणि डायग्नोस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, आणि ते कारपुरतं होतं, ट्रकचं नव्हतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनीच दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनं आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टलवर माहिती असणं आणि वायरमनच्या हातात टूल असणं यात बरंच अंतर आहे.

काम झाल्यावर

प्रत्येक दिवा, वायपरचे सगळे स्पीड, हॉर्न, रिव्हर्स लाइट, ट्रेलर असेल तर त्याचे दिवे मालकाने स्वतः उभं राहून तपासावेत. जुने कोड पुसून गाडी दोन-तीन दिवस चालवावी आणि पुन्हा स्कॅन करावी. चावी काढल्यावर काही वेळाने बीसीएम झोपी जातो. तो झोपला नाही तर बॅटरी रात्रभरात उतरते. सकाळी सेल्फ जड वाटला तर लगेच परत जावं, महिनाभर थांबू नये. जॉब कार्डवर नव्या बीसीएमचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर लिहून घ्यावा. आणि जुना डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. गाडीची सेटिंग त्यात अजून असू शकते, आणि दुरुस्त झाला तर पुढच्या वेळी तोच कामाला येतो.